विचारणारा कोण?

लोहारा तालुक्यातल्या एका गावात मी टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्यांदा गेलो, त्याला आता वीसेक वर्षे झाली. विषय होता १९४८ सालचा : रझाकारांचा जाच आणि सप्टेंबरातली पोलीस ॲक्शन. ओसरीवर माझ्यासाठी खुर्ची आणली गेली. आज्जी खाली बसल्या. मी काही विचारण्याआधी त्यांनीच विचारले, "घराचं लिहायलास का रं बाबा?"

मला हसू आले. त्या प्रश्नाचा अर्थ फार उशिरा कळला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर या भागात वही घेऊन येणाऱ्याला काय उत्तर दिले, यावर पुढचे बरेच काही ठरले. पुनर्वसित गावांत जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. 'शेत किती?' हा प्रश्न तिथे नुसता माहितीचा नव्हता, तो छपराचा होता. मुक्तिसंग्रामातल्या सरहद्दीवरच्या कॅम्पांच्या आठवणी सांगणारे म्हातारेही शेवटी हळूच विचारत, "याचं सर्टिफिकेट मिळतंय का?" मी सरकारचा माणूस नाही, पदवीधर संशोधकही नाही. पण खुर्चीवर बसलेला आणि लिहून घेणारा मीच होतो.

याच जिल्ह्यात १९४८ सालीही विचारणारे आले होते. १३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी कारवाईत निजामाची राजवट संपली. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या दिल्लीला पोचल्या. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना भारत सरकारने पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात ते संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. ज्या गावांना जाता आले नाही, अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी ते बोलले. त्यांच्या अंदाजाने संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे नाव घातले.

त्यांना धाडले होते ते सलोख्यासाठी. म्हणजे सांत्वनाला आलेला आणि विचारपूस करणारा माणूस एकच. त्याच्यापुढे कोणी काय सांगितले, काय गिळले, हे आज कसे कळणार? तरी पाचशे माणसे बोलली. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्याच शेजारी पुन्हा राहायचे होते, तरी बोलली. आणि तो अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. सांगण्याची जोखीम सांगणाऱ्याने उचलली. कागदाचे काय करायचे हे मात्र दुसऱ्यांनी ठरवले.

हे मी सरकारला ऐकवतो, पण मी तरी वेगळे काय केले? आज्जींनी एका जागी हात वर करून यंत्र बंद करायला लावले आणि मग ॲक्शनच्या वेळी गल्लीतले कुठले घर कोणी लुटले ते सांगितले. टेप बंद होती, माझी स्मरणशक्ती चालू होती. नाव न देता मी ते एका लेखात घातले. गाव एवढेसे, नावाची गरजच नव्हती. त्यांचा नातू मला एस.टी. स्टँडवर भेटला. आवाज न चढवता म्हणाला, "तुम्ही लिहून मोकळं झालात. गावात ऱ्हायचं आम्हाला हाय." त्यानंतर आज्जी माझ्याशी पिकापाण्याचे बोलल्या, चहा दिला, १९४८चे एक अक्षरही नाही. तोवर मला वाटे, सत्ता विचारणाऱ्याच्या हाती असते. गप्प राहणाऱ्याचीही असते, हे त्यांनी दाखवले.

आता मी खाली बसतो. लिहिलेले घेऊन पुन्हा जातो, वाचून दाखवतो. खोड म्हटले की खोडतो. यात इतिहासाचे नुकसान होते, हे मला मान्य आहे. खोडलेले काही कदाचित खरेच असेल आणि ते सांगणाऱ्यांबरोबर जाईल. पण ते त्यांचे होते.

आज्जी आता नाहीत. त्यांची कॅसेट माझ्या कपाटात आहे. बंद केल्याचा 'खट्' आवाज तिच्यात स्पष्ट ऐकू येतो. नव्या पोरांना मी आधी तो आवाज ऐकवतो.