चढावर थोपलेले वाहन

भंडारदरा येथील विल्सन धरणाचे काम १९२६ साली पुरे झाले. त्या जलाशयाभोवतीचा, रतनवाडी व घाटघर यांकडे जाणारा रस्ता अरुंद आणि चढउताराचा आहे. मृगाच्या आगेमागे काजवे पाहावयास येणाऱ्या मोटारींची तेथे रात्री रीघ लागते, आणि चढावर थांबलेली मोटार पुन्हा हलवावयाची कशी, हा जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. १० फुटांस १ फूट अशा चढावर १,००० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीस सुमारे १०० किलोग्रॅम भाराइतके बल मागे ओढीत असते. पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत ते कोणी पेलावयाचे?

बैलगाडीच्या काळी चाकामागे धोंडा ठेवीत. मालमोटारीबरोबर ते काम क्लीनरकडे आले. हा शब्द मूळचा झाडपूस करणाराचा. मराठीत तो चालकाच्या मदतनिसाचा वाचक झाला. घाटात ठोकळा घेऊन चाकामागे धावणाऱ्यास साफसफाईचे नाव असावे, हे अर्थांतर अभ्यासकांनी टिपून ठेवण्याजोगे आहे.

आरंभीच्या काही पाश्चात्त्य मोटारींना मागे टोकदार दांडा असे. तो वेळेवर खाली सोडावा लागे. उशीर झाल्यास मोटार त्याच्यावरूनच मागे जाण्याचे भय. १९३६ साली अमेरिकेतील स्टुडबेकर मोटारीत 'हिल होल्डर' आला. त्यात ब्रेकच्या तेलमार्गात एक गोळी असे. चढावर ती स्वभारानेच घरंगळे आणि क्लच दाबलेला असेपर्यंत तेलाची परतीची वाट अडवून धरी. चढ ओळखण्याचे काम येथे माणसाकडून यंत्राकडे गेले. माझ्या मते या इतिहासातील निर्णायक टप्पा हाच होय. पुढील विद्युत्साधनांचा नव्हे.

कारण आजच्या 'हिल स्टार्ट असिस्ट'मध्ये तत्त्व तेच आहे. गोळीच्या जागी त्वरणमापक आला आणि तेल अडविण्याचे काम विद्युच्चुंबकीय झडप करू लागली. १९९५ साली मर्सिडीझ मोटारीत बॉशची स्थैर्यनियंत्रण यंत्रणा आली. अशा यंत्रणेतील झडपा व संवेदक हाताशी असल्यामुळे ही सोय फारशा जादा सामग्रीवाचून साधली. ब्रेकवरील पाय काढल्यावर दाब साधारणतः दोन सेकंद टिकतो. एंजिनाचा जोर पुरेसा होताच तो सुटतो. जोर आलाच नाही, तरी मुदत संपताच तो सुटतो आणि मोटार मागे सरू लागते.

म्हणून या साधनास मराठीत 'चढरोधक' म्हणणे मला गैर वाटते. मूळ नावात साहाय्याचे आश्वासन आहे, रोखून धरण्याचे नाही. रतनवाडीच्या रांगेत पुढची मोटार पाच मिनिटे हलत नाही, तेव्हा हँडब्रेकच ओढावा लागतो.