दिवटी विझू नये म्हणून

कोल्हापूरच्या मुलखात रात्रीची कथा तीन विस्तवांपाशी वाढली. पहिला विस्तव गोंधळ्याच्या दिवटीचा, दुसरा गुऱ्हाळावरच्या चुलवाणाचा आणि तिसरा रानात मेंढ्या बसवून धनगरांनी पेटवलेल्या शेकोटीचा. यांतली माणसे वेगळी, जाती वेगळ्या, देवही बहुधा वेगळे. एक गोष्ट मात्र तिन्हीकडे सारखी होती. तिथल्या माणसांना रात्रभर जागे राहणे भाग होते. मौखिक परंपरेविषयी लिहिताना आपण गृहीत धरतो की जुन्या लोकांना कथेची ओढ फार, म्हणून ते रात्र रात्र जागत. हा क्रम उलटा आहे असे माझे म्हणणे आहे. जागावे लागे, म्हणून कथा लागे. आणि जितके जागायचे तितकी ती लांबे. तिचे कथानक, तिचा विनोद, तिची आडवळणे या सगळ्यांचे माप रात्रीने ठरवून दिले होते. हे मान्य केले तर ही परंपरा का आटली, याचे नेहमीचे उत्तरही बदलावे लागते.

गोंधळापासूनच सुरुवात करू, कारण इथे जागण्याची सक्ती उघड आहे. घरात लग्न झाले, नवस फिटला की कुळाचाराप्रमाणे देवीचा गोंधळ घालायचा. अंगणात चौक भरायचा, उसाची नाहीतर ज्वारीची पाच धाटे बांधून मांडव करायचा, तांदळाच्या राशीवर कलश ठेवायचा आणि दिवटी पेटवायची. अंगात घोळदार झगा, गळ्यात कवड्यांची माळ, साथीला संबळ, तुणतुणे आणि झांज. गोंधळ्यांत माहूरच्या रेणुकेचे रेणुराई आणि तुळजाभवानीचे कदमराई अशा दोन शाखा सांगतात. या विधीची उत्पत्तीकथाही त्यांच्याकडेच आहे: परशुरामाने बेटासुराला मारले, त्याच्या शिराला त्याच्याच शिरांची तार ओवली आणि ते वाद्य वाजवत तो आई रेणुकेपुढे आला. एखाद्या कलेने आपला जन्म इतका रक्तबंबाळ सांगावा, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे; करमणूक म्हणून जन्मलेली कला स्वतःविषयी असे काही सांगत नाही. गोंधळाचा पूर्वरंग म्हणजे गण आणि आवाहन. तुळजापूर, माहूर, जेजुरी, वाडी रत्नागिरी, कोल्हापूर अशा एकेका ठाण्याचे नाव घेऊन तिथल्या देवाला चौकात बोलवायचे. देव आले, की त्यांना पहाटेच्या आरतीपर्यंत बसवून ठेवायचे. दिवटीला बुधलीतले तेल घालत राहायचे, ती विझू द्यायची नाही. मधले पाच-सहा तास भरायचे कशाने? तिथे उत्तररंग येतो, म्हणजे आख्यान.

आख्यान कसे लांबते ते पाहायला जांभूळ आख्यान घ्यावे. विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर आणल्यामुळे शहरी प्रेक्षकालाही ते ठाऊक आहे. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा येते. कृष्ण ते ओळखतो, पांडवांना वनात नेतो. झाडावरचे एकुलते जांभूळ तोडले जाते आणि प्रत्येकाने मनातले खरे सांगितल्याशिवाय ते परत देठाला लागत नाही. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. इथे मी ती तीन वाक्यांत सांगितली आणि कथानकाचे काही राहिले नाही. गोंधळात मात्र नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, आणि त्याचा साथीदार तिला तासन्‌तास पुरवतात. साथीदार मुद्दाम येडबंबू होतो, चुकीचे प्रश्न विचारतो; नाईक त्याला समजावण्याच्या मिषाने गावच्या पाटलावर, सासू-सुनांवर, यजमानाच्या कंजूषपणावर घसरतो आणि पुन्हा वनात येतो. मध्येच संबळ घुमतो, एखादे पद होते, पेंगलेली पोरे दचकून उठतात. पतिव्रतेच्या मनातला परपुरुष ही गोष्ट नवविवाहितांच्या अंगणात, कुळाच्या देवीसमोर, घरातल्या बायाबापड्यांपुढे मांडायची तर तिथपर्यंत जायला वेळ लागतो. श्रोत्याला हसवून, थकवून, सैल करूनच तिथे न्यावे लागते. तीच कथा वीस मिनिटांत सांगितली तर ती उथळ तरी वाटेल नाहीतर अंगावर तरी येईल. म्हणजे लांबी हा या कथेचा ऐवज आहे. ती वजा केली की उरतो तो फक्त सारांश.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गोंधळ हा विधी आहे, तिथली सक्ती देवीची. ती सगळ्या कथांना कशी लागू करता? म्हणूनच बाकीचे दोन विस्तव महत्त्वाचे. गुऱ्हाळाला देवीचे बंधन नव्हते. कोल्हापुरी गुळाचा व्यापार मोठा. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवून गुळाच्या पेठेला जागा दिली, आणि या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण गूळ तयार होतो तो शेतावरच्या काहिलीत. थंडीच्या हंगामात घाणा सुरू झाला की रस साठवून ठेवता येत नाही, तो आंबतो. त्यामुळे आधण उतरले की दुसरे चढवायचे, चुलवाणात चिपाडे सारत राहायची, मळी काढायची आणि गुळव्याने पाकावर डोळा ठेवायचा. त्याचा एक डुलका म्हणजे अख्खी काहील करपली. अशा ठिकाणी रात्री दहा-पंधरा माणसे अडकून पडलेली असत: गुळव्या, जाळ घालणारा, बैल हाकणारा, उसाचा मालक, पाळीची वाट पाहणारा शेजारी, आणि गरम काकवीच्या आशेने आलेली पोरे. भुताखेताच्या, चोरांच्या, पैलवानांच्या, पन्हाळ्याच्या वेढ्याच्या गोष्टी इथे चालत. सांगणारा कोणी व्यवसायाचा कथेकरी नसे. पण तो थांबला तर गुळव्याला झोप येईल, हे सगळ्यांना कळत होते.

धनगरांचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. मेंढरे रानात बसवली की लांडग्याचे भय. जाळ आणि जागती माणसे हेच राखण. बिरोबाच्या ओव्या देवळापुढेही गायल्या जातात, पण त्यांचा ऐसपैसपणा अशाच रात्रींशी जुळणारा आहे. एक भाग गायचा, मग तोच गद्यात उलगडून सांगायचा, मग पुढे सरकायचे. घाई असलेल्या माणसाला ही पद्धत सुचणार नाही. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या जर्मन संशोधकाने महाराष्ट्रात हिंडून या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पुढे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी बिरोबा आणि धुळोबा या दोनच देवांची आख्याने इंग्रजीत आणली, तेव्हा २०१४ साली त्यांचे एक अख्खे पुस्तक झाले. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या, म्हणजे याच बिरोबाच्या, यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत आणि ढोलांच्या गजरात फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी, ऐकायला लाखो लोक लोटतात. बातमी होते ती भाकणुकीची, कारण ती दोन मिनिटांत संपते. ओवीची बातमी होत नाही.

आता यावर एक भक्कम उलट उदाहरण कोल्हापुरातच आहे. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. कथा अशी सांगतात की, मायावी दंडाच्या बळावर कामाक्ष दैत्याने देवांना मेंढरे केले, त्र्यंबोलीने त्याला मारून त्यांना सोडवले. पण विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचे राहिले. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, तेव्हा थोरली अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात, तो अंबाबाईने कोल्हासुर दैत्याला मारले त्याची आठवण म्हणून. ही कथा शहरात आजही पोराटोरांना माहीत आहे, आणि ती टिकायला कोणी रात्रभर जागत नाही. मग माझे म्हणणे पडले का? मला तसे वाटत नाही. विधीने कथेचे सार राखले आहे, विस्तार राखलेला नाही. कोहळा फुटतो, गर्दी त्याच्या तुकड्यांवर झेप घेते, आणि मुलाने विचारले तर आई चार वाक्यांत सांगून मोकळी होते. तेवढ्याने विधीचा अर्थ लागतो. रुसलेली धाकटी टेकडीवर काय बोलली असेल, थोरलीने कोणत्या शब्दांत माघार घेतली असेल, या जागा नाईकाच्या हाती लागल्या तर अर्धी रात्र सरेल. वार्षिक उत्सव कथेला मरू देत नाही हे खरे. पण तो तिला वाढूही देत नाही.

टीव्हीने आणि मोबाइलने ही परंपरा मारली, हे उत्तर म्हणूनच मला अपुरे वाटते. टीव्ही आला तरी गोंधळ बंद पडला नाही. कोल्हापुरात लग्नानंतर तो आजही घालतात, सुपाऱ्याही भरपूर असतात. बदलले ते एवढेच, की बहुतेक ठिकाणी तो दोन-तीन तासांत आटोपतो. पाहुण्यांना सकाळी कामावर जायचे असते, वाद्यांना ध्वनिक्षेपक लावायची सवय झालेली असते आणि २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. कात्री कशाला लागली ते पाहा. गण, आवाहन, आरती हे सगळे जागेवर आहे, कारण त्यांच्याशिवाय कुळाचार पुरा होत नाही. गळाले ते आख्यान. टीव्हीच कारण असता तर आधी कंटाळवाणे स्तवन गेले असते आणि रंगतदार गोष्ट राहिली असती. झाले नेमके उलटे. गुऱ्हाळाचेही तेच. स्वातंत्र्यानंतर वारणा, भोगावती, पंचगंगा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, ऊस तिकडे वळला, गुऱ्हाळे घटली. जी उरली त्यांत बैलांच्या जागी इंजिन आणि मग वीज आली. इंजिनाच्या धडधडाटात गोष्ट ऐकू येत नाही, हे कारण मला कुठल्याही मालिकेपेक्षा मोठे वाटते.

छपाईने आणि रंगमंचाने हे सगळे वाचवले नाही का, असेही कोणी म्हणेल. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. तो झाला नसता तर कितीतरी पोवाडे गोंधळ्यांबरोबर संपले असते. हे ऋण मान्यच आहे. पण छापले गेले ते शब्द. कडव्यांच्या मधले बोलणे छापले गेले नाही. कोल्हापूरच्या लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक यांच्यासारख्या शाहिरांनी पोवाडा गाजवला, तोही उभ्याने सांगायचा, सभा पेटवायचा. त्याचा जीव आवेशात आहे, आणि आवेश रात्रभर टिकत नाही. शंकर पाटील (१९२६–१९९४) हे तर पट्टणकोडोलीचेच. द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्याबरोबर त्यांनी गावोगाव कथाकथन केले, आणि गुऱ्हाळावरचा तो मिस्कील, पाल्हाळीक स्वर मराठी साहित्यात मानाने बसवला. माझ्या मते मौखिक कथेचा हा सर्वांत अस्सल वारसा. तरीही त्याला व्याख्यानमालेचे घड्याळ होते. गोष्ट लेखकाने घरी लिहून, कापून, बेतून आणलेली असे आणि श्रोता तिकिटाच्या खुर्चीत बसलेला असे. त्याला मध्येच उठून चुलवाणात चिपाडे सारायची नव्हती.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप: या सक्तीच्या जागरणाचे एवढे कौतुक कशाला? त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त हिशेब मांडला, तेव्हा मागत्यांचा भार शेवटी कुणब्याच्या खळ्यावर पडतो हे त्यांनी परखडपणे लिहिले. गोंधळी गावच्या अलुत्यांत मोडायचा. त्याची कला ही त्याची जातही होती, आणि पोराने शाळेत जावे की संबळ धरावा हा प्रश्न त्याला विचारलाच जात नसे. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात बलुतेदारीचे बंधन आणि महार वतन मोडले, ते जन्माने लादलेल्या कामातून माणूस सुटावा म्हणून. त्या बाजूला उभे राहूनच मी हे लिहितो आहे. लांडग्याच्या भयाने जागणाऱ्या धनगराला त्याच्या ओवीपायी रानातच राहा, असे सांगायचा अधिकार कोणाला नाही. पण यावरून एवढेच ठरते की जुनी सक्ती परत आणता येणार नाही. लांब कथेला लांब वेळ विकत घेऊन द्यावा लागेल, हे त्यातून खोटे ठरत नाही. संस्थानाने कुस्तीला खासबागेचे मैदान दिले, नाटकाला पॅलेस थिएटर दिले. आख्यानाला काही बांधून द्यायची गरजच कोणाला वाटली नाही, कारण तेव्हा अंगण आणि रात्र फुकट होती. आज दोन्ही महाग आहेत. सरकारी महोत्सवात गोंधळाला पंधरा मिनिटे देऊन लोककला जपल्याचे समाधान मिळते, पण त्यात जपला जातो तो वेष आणि संबळाचा ठेका. विद्यापीठांचे ध्वनिमुद्रणही ‘नमुन्या’पुरते असले तर त्याचा उपयोग तेवढाच.

म्हणून घरी गोंधळ घालणार असाल, तर सुपारी देतानाच नाईकाला विचारा की त्याला कोणती आख्याने येतात आणि त्यांतले सर्वांत लांब कोणते. मांडववाल्याशी आणि केटरिंगवाल्याशी घासाघीस करता तशी इथे करू नका. पुऱ्या रात्रीची बिदागी ठरवा, ध्वनिक्षेपक नको म्हणून सांगा, आणि दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाकून ठेवा. ज्यांना पूर्ण आख्यान येते असे नाईक आता बहुधा वयस्क आहेत.