हुरडा, भाकरी आणि अकरा सेकंदांची उत्क्रांती

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक छोटं गणित.

समजा, तुम्ही मनात एक दहा आकडी मोबाइल नंबर धरलाय. कॉम्प्युटरने तो नुसत्या अंदाजाने ओळखायचा, तर शक्यता किती? १,००० कोटींत एक!

आता नियम बदलू. कॉम्प्युटर कुठलाही एक नंबर घेईल आणि त्याच्या १०० नकला काढेल. नक्कल करताना प्रत्येक आकडा बदलण्याची शक्यता शंभरात पाच. त्यातली तुमच्या नंबराच्या सगळ्यात जवळची नक्कल ठेवायची, बाकीच्या पुसायच्या. ठेवलेलीच्या पुन्हा १०० नकला. असं केलं, तर सहसा पंधरा-वीस पिढ्यांत नंबर जुळतो. म्हणजे जेमतेम २,००० नकलांत काम फत्ते.

याला म्हणतात कृत्रिम निवड. कॉम्प्युटरवर आकड्यांची अशी 'पैदास' नील्स बारिचेल्ली यांनी १९५३ मध्येच अमेरिकेत प्रिन्स्टनला करून पाहिली होती. पण गाजला तो रिचर्ड डॉकिन्स यांचा प्रोग्रॅम, १९८६ च्या 'द ब्लाइंड वॉचमेकर' या पुस्तकातला. त्यांनी 'हॅम्लेट' नाटकातलं एक वाक्य घेतलं, मोकळ्या जागा धरून २८ अक्षरांचं. पहिल्याच खेपेला ते ४३ पिढ्यांत जुळलं. बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅमला अर्धा तास लागला होता. पास्कलमध्ये ११ सेकंद पुरले.

मात्र डॉकिन्स यांनी स्वतःच बजावलं होतं, की निसर्ग असं वाक्य मनात धरून बसत नाही. मनात काहीतरी धरून निवडतो तो माणूस. आणि हे काम कॉम्प्युटरच्या हजारो वर्षं आधीपासून करतोय शेतकरी.

आपल्याकडची ज्वारीच बघा ना. संभाजीनगरात भाकरीसाठी लोक मालदांडी आवडीने घेतात. त्यातलं 'मालदांडी ३५-१' हे वाण सोलापूर जिल्ह्यात मोहोळला गावरान मालदांडीतूनच निवडून काढलं. निकष काय? दाणा चांगला, भाकरी चवदार आणि जनावरांना कडबाही भरपूर. आता थंडीतला हुरडा आठवा. गुळभेंडी, कुचकुची, सुरती! इथे निकष वेगळा: कोवळा दाणा गोड हवा, आणि भाजलेलं कणीस हातावर चोळलं की सहज सुटायला हवा. पीक एकच, पण निवडणाऱ्याच्या मनातला 'नंबर' बदलला की वाणही बदलतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांच्या मनात तर ठरलेला नंबरही नव्हता. १९८३ मध्ये धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून आलं 'एचएमटी' धान. नाव घेतलं तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून.

आता शेवटची गंमत. मघाच्या प्रोग्रॅममध्ये बदलण्याची शक्यता शून्य करा. शंभरच्या शंभर नकला सारख्याच निघतील. निवडायला काही उरणारच नाही आणि प्रोग्रॅम जिथल्या तिथे अडकेल, हजार पिढ्या चालवला तरी!

शेताचंही तेच आहे. सगळीकडे एकच वाण पेरलं आणि गावरान बियाणं कणगीतून संपलं, तर उद्या नवा रोग आला, पाऊस रुसला, की निवडायचं कशातून? कॉम्प्युटरवर 'रन' पुन्हा दाबता येतं. संपलेलं बियाणं पुन्हा पेरता येत नाही.

म्हणून यंदा हुरड्याला गेलात, की शेतकरीदादांना एवढं नक्की विचारा: "हे बियाणं घरचं आहे का?"

भेटू पुढच्या भागात!