एम.सीएच. न्यूरोसर्जरी : निवासी प्रशिक्षण

मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतूंवरील शस्त्रक्रिया शिकवणारा अतिविशेषोपचार अभ्यासक्रम. तो विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करत पुरा करावा लागतो. एम.एस. (जनरल सर्जरी) नंतर मुदत तीन वर्षे. काही संस्थांत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा मार्ग आहे. बहुतेक महाविद्यालयांत एम.एस.नंतरचा प्रवेश ‘नीट-एसएस’ या प्रवेश परीक्षेतून होतो. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना पदवी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) देते.

रुग्णालयातच राहून, टप्प्याटप्प्याने वाढत्या जबाबदारीने शल्यविद्या शिकायची ही रीत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात (१८८९) विल्यम हॉलस्टेड यांनी घालून दिली. न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग त्याच मुशीतून घडले. भारतात डॉ. जेकब चांडी यांनी मॉन्ट्रियलला न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडे शिकून १९४९ मध्ये वेल्लोरला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला; देशातला पहिला प्रशिक्षणक्रमही तिथलाच. मुंबईत केईएम रुग्णालयाचा विभाग डॉ. होमी दस्तूर यांनी उभा केला. याच विभागातील डॉ. अतुल गोयल यांनी सहलेखक लाहेरी यांच्यासह १९९४ मध्ये मानेचे पहिले दोन मणके पट्टी व स्क्रूने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती पुढे जगभर वापरात आली.

पहिले वर्ष मुख्यतः ‘कॉल’चे. रात्री कॅज्युअल्टीत दुचाकीवरून पडलेला रुग्ण येतो. रेसिडेंट डोळ्यांची उघडझाप, बोलणे आणि हातापायांची हालचाल तपासून ३ ते १५ या ग्लासगो मापनात गुण देतो, बाहुल्या पाहतो, सीटी करून घेतो आणि वरिष्ठांना फोन लावतो. नुसता ‘१२’ हा आकडा सांगून भागत नाही. तासाभरापूर्वी १४ होता आणि आता १२ आहे, हे ज्याला नेमके सांगता येते त्याच्या रुग्णाला ओटी वेळेवर मिळते. ही नजर पुस्तकातून येत नाही.

हाताचे पहिले स्वतंत्र काम बहुधा मेंदूतल्या पोकळीत नळी घालण्याचे असते. नाकाच्या मुळापासून मागे सुमारे ११ सेंटिमीटर आणि मध्यरेषेपासून अडीच-तीन सेंटिमीटर बाजूला, बहुधा उजवीकडे, कवटीला भोक पाडायचे. मग समोरून त्याच बाजूच्या डोळ्याचा आतला कोपरा आणि बाजूने कानापुढचा उंचवटा या दोन खुणांचा नेम धरून नळी आत सरकवायची. पाच-सहा सेंटिमीटरवर पाणी आले पाहिजे. नाही आले, तर नळी आणखी आत रेटायची नाही. बाहेर काढून दिशा पुन्हा ठरवायची. शिकवणारा शेजारी उभा असतो तो मुख्यतः या क्षणासाठी.

त्यानंतर शंट (मेंदूतले पाणी वळवणारी कायमची नळी) बसवणे, वृद्धांच्या डोक्यात साचलेले जुने रक्त बर होलमधून (कवटीच्या छोट्या भोकातून) काढणे, कंबरेच्या चकतीची शस्त्रक्रिया अशा पायऱ्या चढत जायच्या असतात. मायक्रोस्कोपखालचे गाठींचे आणि ॲन्युरिझमचे काम शेवटच्या वर्षापर्यंत बरेचसे मदतनीस म्हणूनच करावे लागते. त्याची भरपाई म्हणून चांगले विभाग कोंबडीच्या पंखातली रक्तवाहिनी १०-० या अतिसूक्ष्म धाग्याने शिवण्याचा सराव करून घेतात. हा सराव सक्तीचा असायला हवा.

याहून मोठी उणीव दुसरीकडे आहे. मेंदूच्या मुळाशी मोठा रक्तस्राव झालेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया करू नये, हा निर्णय घेणे आणि तो नातेवाइकांना समजावून सांगणे हे या विषयातले सर्वांत अवघड काम. वेळापत्रकात त्याला तास नसतो. वरिष्ठ बोलत असताना रेसिडेंट बाजूला उभा राहून जेवढे उचलेल तेवढेच त्याच्या पदरी पडते.

कामाच्या तासांचा प्रश्न जुनाच आहे. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तासांचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात रात्रभर कॉल केलेला रेसिडेंट सकाळच्या शस्त्रक्रियांच्या लिस्टला पुन्हा उभा असतो. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे, पण तिथे हे प्रशिक्षण सात वर्षांचे असते. तीन वर्षांच्या मुदतीत तास कमी केले तर शस्त्रक्रियाही कमी वाट्याला येतील, असे काही शिक्षक म्हणतात. ही अडचण खरी आहे. मात्र तिचे उत्तर मुदत आणि रेसिडेंटची पदे वाढवण्यात आहे. झोपेविना दुसऱ्या दिवशी कवटी उघडायला लावणे रुग्णाच्या आणि शिकणाऱ्याच्याही जिवावर बेतू शकते.