मृत्युपूर्व इच्छेचा कागद आणि त्याचे दप्तर

१८८२ मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेले व्हाइटफील्ड आज बंगळूरचे संगणक-उपनगर आहे. तेथील गृहसंकुलांच्या बाकांवर संध्याकाळी सातारा-सांगलीहून मुलांकडे राहावयास आलेले आजी-आजोबा भेटतात. मध्यंतरी नातलगांकडे मुक्कामी असताना अशाच एका गृहस्थांनी माझ्यापुढे टंकलिखित कागद ठेवला. "साहेब, एवढी सही द्या." शुद्ध हरपली व सुधारणेची आशा उरली नाही, तर आपणांस यंत्राच्या श्वासावर ठेवू नये, असे त्यात लिहिले होते. निवृत्ताची सही चालत नाही, हे सांगताना मी ओशाळलो. सेवेत असताना गुणपत्रिकांच्या असंख्य प्रती न वाचता साक्षांकित केल्या होत्या!

या कागदास लिव्हिंग विल म्हणतात. त्याचा इतिहास बहुधा न्यायनिवाड्यांतून सांगितला जातो, दप्तरातून क्वचितच. मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी मुंबईत संस्था काढली ती १९८१ मध्ये. परंतु लोकांच्या मनाला हा प्रश्न भिडला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. उत्तर कन्नडमधील हळदीपूरची ही परिचारिका मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचाराला बळी पडली आणि १८ मे २०१५ पर्यंत तेथेच अंथरुणावर होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे पोषण थांबवण्याची विनंती नाकारली. तिची सेवा करणाऱ्या परिचारिकांचे म्हणणे निर्णायक ठरले. त्यांची सेवा अलौकिकच होती. पण खुद्द अरुणाची इच्छा काय असती, हे सांगणारा एक चिटोराही कोणापाशी नव्हता.

९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज संस्थेच्या याचिकेवर घटनापीठाने अशा कागदास मान्यता दिली. आता पुढची गंमत पाहा. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी. अंमलाच्या वेळी रुग्णालयाचे मंडळ, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले मंडळ, आणि अखेरीस दंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णाला भेट द्यावयाची! जिल्ह्याचा कारभार ज्याने पाहिला आहे, त्याला या साखळीस किती दिवस लागतील ते सांगावयास नको. अतिदक्षता विभागातला रुग्ण इतका थांबत नाही. दुरुपयोगाची भीती खोटी नव्हती. इस्टेटीसाठी घाई करणारे वारस आम्ही महसूल खात्यात पुष्कळ पाहिले. तथापि संशयिताला रोखण्यासाठी बांधलेल्या भिंतीने प्रामाणिक माणूसही बाहेरच राहिला.

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानेच ही भिंत उतरवली. दोन साक्षीदारांसमोरची सही आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी प्रमाणित करू शकतो. डॉक्टरांच्या दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावयाचे. प्रत जपण्यासाठी स्थानिक संस्थेने अभिरक्षक नेमावा, असेही ठरले. अर्थात नेमणुकीचा आदेश कोणीतरी काढावा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२४ मध्ये अभिरक्षक नेमले गेले. गोव्यात त्याच वर्षी मे महिन्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा कागद नोंदवला. कर्नाटकाच्या आरोग्य विभागाचे परिपत्रक ३० जानेवारी २०२५ चे. त्याने डॉक्टरांच्या मंडळांची व्यवस्था लावून दिली.

गाव सोडून राहणाऱ्यांची अडचण याहून निराळी. न्यायालयाचे निर्देश देशभर लागू असल्याने साताऱ्यात केलेला कागद बंगळुरात निरुपयोगी ठरत नाही. मात्र मध्यरात्री रुग्णवाहिका येते तेव्हा तो साताऱ्याच्या कपाटात असून भागत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळूरची महानगरपालिका पाच पालिकांत विभागली गेली व व्हाइटफील्ड पूर्व पालिकेत गेले. तेव्हा प्रत कोणत्या मेजावर द्यावी, हेही नव्याने विचारणे आले.

त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी नोटरी गाठला. एक प्रत त्यांच्या डॉक्टरांकडे आहे, एक मुलीच्या मोबाइलमध्ये. निर्णय सांगण्यासाठी त्यांनी मुलगी व मुलगा अशी दोघांचीही नावे घातली आहेत. मुलगा साताऱ्यास असतो. त्याला पाठवलेले पाकीट त्याने अद्याप उघडलेले नाही.