युद्धाने नाकारलेली मोटार, युद्धाने दिलेली जीप

दुसऱ्या महायुद्धाने अमेरिकेतील मोटार उद्योगाचा कायापालट केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये तेथे खासगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि कारखाने रणगाडे, लष्करी ट्रक, विमाने बनवू लागले. फोर्डच्या विलो रन कारखान्यातून आठ हजारांहून अधिक बी-२४ बॉम्बफेकी विमाने बाहेर पडली. मुंबईत मात्र याच युद्धाने मोटार कारखान्याची वाट अडवली.

मुंबईत मोटारींची जुळणी आधीपासून होत होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे ती सुरू केली, पाठोपाठ फोर्ड आली. मात्र सुटे भाग परदेशातून येत. येथे ते केवळ जोडले जात. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांना येथेच घडणारी मोटार हवी होती. सर विश्वेश्वरय्या यांचाही तोच आग्रह होता. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले आणि पुढे त्यांनी क्रायस्लरशी सहकार्य जुळवले. परंतु मोटार कारखाना युद्धकार्यास आवश्यक नसल्याचे सांगून ब्रिटिश सरकारने सवलती नाकारल्या. लष्करालाच ट्रकची निकड असताना हा युक्तिवाद पटणारा नव्हता.

त्याच दौऱ्याच्या परतीच्या प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी वालचंद यांची भेट झाली. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. विमाने युद्धाला हवी होती. १९४२ मध्ये सरकारने ती कंपनी ताब्यातही घेतली. मोटारींसाठी प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना व्हायला १९४४ उजाडले. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या १९४७ मध्ये.

युद्धाने मुंबईला एक वाहन मात्र दिले. अमेरिकी लष्करासाठी विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या होत्या. युद्ध संपताच विलिसने ती शेतीच्या व नागरी कामांसाठी विकायला काढली. युद्धकाळात अमेरिकेतील भारतीय पुरवठा मंडळाचे काम पाहणारे के. सी. महिंद्र यांनी या गाडीची उपयुक्तता हेरली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड महंमद'ने पुढे माझगाव येथे जीपची जुळणी सुरू केली. भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५३ मध्ये निव्वळ जुळणीला लगाम घातला; जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. जीप राहिली. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावांत सरकारी गाडी म्हणजे जीप, हे समीकरण पुढे कित्येक वर्षे कायम होते.