आजीची मांडी आणि मोटार वाहन कायदा

माझ्या नोकरीची बरीच वर्षे चंदीगडमध्ये गेली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हे शहर सुरुवातीला परके वाटते. इथे पेठा नाहीत, वाडे नाहीत, पार नाहीत. पत्ता विचारला तर लोक आकडे सांगतात. पण हळूहळू त्या आकड्यांमागचा विचार लक्षात येऊ लागतो, आणि प्रशासनात काम करणाऱ्याला तर त्याचे विशेष कौतुक वाटते.

फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५० मध्ये पी. एन. थापर हे आय.सी.एस. अधिकारी आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा वास्तुविशारदांच्या शोधात युरोपला गेले. त्यातून ल कॉर्ब्युझिए, पिएर जान्नरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू ही मंडळी या कामाला लागली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले. आपले काकासाहेब गाडगीळ १९५८ ते १९६२ या काळात पंजाबचे राज्यपाल म्हणून याच शहरात राहिले. शहराचा प्रत्येक सेक्टर साधारणपणे ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब. वेगवान वाहने सेक्टरच्या बाहेरून जावीत, आतमध्ये घरे, दुकाने, शाळा आणि हिरवळीचा पट्टा असावा, लहान मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचता यावे, ही त्यामागची कल्पना. पायी चालणाऱ्या मुलाचा इतका विचार आपल्या देशात फार थोड्या शहरांनी केला असेल.

मात्र गाडीत बसलेल्या मुलाचा विचार तेव्हा कोणीच केला नव्हता. चंदीगडने नाही आणि बाहेरच्या जगानेही नाही. हा इतिहास मी मुद्दाम शोधला, त्याला एक घरगुती कारण घडले.

२०११ च्या जानेवारीत माझी मुलगी अमेरिकेहून अकरा महिन्यांच्या नातीला घेऊन आली. आम्ही दोघे तिला आणायला दिल्लीला गेलो होतो. विमानतळाबाहेर गाडीत सामान ठेवताना तिने विचारले, “बाबा, कार सीटची सोय केलीत ना?” मी हसून म्हणालो, “अगं, तुझी आई आहे की!” थंडी कडाक्याची होती. नातीला जाड कापसाचे जाकीट घालून, वर शाल गुंडाळून आजीने मांडीवर घेतले. पुढे मी आणि चालक, दोघांनीही पट्टे लावले होते. अंबाल्याच्या अलीकडे दाट धुके लागले. गाडीचा वेग ताशी तीस-पस्तीसच्या वर नव्हता. अचानक समोर मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला. धडक झाली नाही. पण नात आजीच्या हातांतून निसटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. कपाळाला टेंगूळ आले, एवढ्यावर निभावले. माझी पत्नी मात्र चंदीगड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “मी घट्ट धरलं होतं हो.”

तिने खरोखरच घट्ट धरले होते. दोष तिच्या हातांचा नव्हता. दोष माझ्या समजुतीचा होता, आणि सीट बेल्टसंबंधीच्या परिपत्रकांवर सह्या केलेल्या माझ्यासारख्या अधिकाऱ्याला ते अधिक लागले.

गणित अगदी साधे आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात थांबते. १० किलोच्या बाळाला तेवढ्या वेळात थांबवायचे तर सुमारे १४० किलोचे ओझे पेलण्याइतका जोर लागतो. हीच धडक म्हणजे दहा मीटर उंचीवरून, तीनमजली घराच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखी आहे. तिथे कोणत्याही आजीचे, आईचे किंवा पैलवानाचेही हात पुरे पडणार नाहीत. आपल्या पट्ट्यातच बाळालाही अडकवणे तर त्याहून वाईट, कारण धडकेत मोठ्या माणसाचे सगळे वजन बाळावर येते.

आता इतिहास पाहू. १९३० च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी गाडीतल्या खुर्च्या विकल्या जात, पण त्यांचा हेतू मूल एका जागी बसावे आणि त्याला खिडकीबाहेरचे दिसावे एवढाच होता. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने तीन ठिकाणी बांधलेला पट्टा तयार केला. तो मोठ्यांसाठी होता. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनमधील डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी जेमिनी मोहिमेतील अंतराळवीरांची आसने पाहिली. उड्डाणाचा प्रचंड जोर ते पाठीवर घेत. आल्डमन यांनी विचार केला की बाळालाही तसेच, गाडीच्या दिशेला पाठ करून बसवावे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मान कोवळी असते. समोर तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्याने अडते, पण डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोरे बसवले तर तोच जोर पाठ, मान आणि डोके या सर्वांवर वाटला जातो.

शास्त्र कळले तरी कायदा व्हायला वेळ लागला. अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाने आमदारांच्या मागे लागून १९७७ मध्ये असा कायदा संमत करून घेतला. तो १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला आणि जगाला त्यातून धडा मिळाला. पण त्यात एक पळवाट होती: मोठ्या माणसाने मूल हातांत धरले असेल तर कार सीटची गरज नाही! म्हणजे ज्या गोष्टीपासून मुलांना वाचवायचे, तीच कायद्याने मान्य केली. ही सवलत १९८१ मध्ये रद्द झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व पन्नास राज्यांनी आपापले कायदे केले. म्हणजे मांडीवरचा विश्वास हा केवळ आपल्याकडच्या आजीचा नाही. टेनेसीच्या विधिमंडळालाही तो सोडवला नव्हता.

आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनी आधी पुढच्या आणि नंतर मागच्या प्रवाशांना पट्टा सांगितला. मुलांचा स्पष्ट उल्लेख येण्यासाठी २०१९ ची दुरुस्ती उजाडावी लागली. त्यातील कलम १९४-ब म्हणते की चौदा वर्षांखालील मूल सुरक्षा पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा व्यवस्थेने बांधलेले नसेल, तर १,००० रुपये दंड. पाऊल चांगलेच आहे. पण ते ‘किंवा’ मला खटकते. बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा चालेल, सहा महिन्यांच्या बाळाला तो बांधताच येत नाही. हा फरक कलमात नाही, आणि अशा मोकळ्या जागेतूनच मांडी पुन्हा आत शिरते.

अंमलबजावणीचे तर विचारूच नका. चंदीगडमध्ये वाहतूक पोलिसांचा दरारा मोठा. मोहाली किंवा पंचकुल्याहून येणारी माणसे शहराची हद्द लागताच पट्टा ओढतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणजे पट्टा पोलिसासाठी असतो. त्याच गाडीत मागे आईच्या मांडीवर मूल असते, आणि त्याबद्दल थंडीत कुडकुडणाऱ्या त्या पोलिसाला काही विचारावेसे वाटत नाही. कोणता हवालदार आजीकडून दंड घेईल?

दरम्यान गाड्या बदलल्या. पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. मोठ्यांचे प्राण वाचवणारी ही पिशवी पुढच्या सीटवरील बाळाला जीवघेणी ठरू शकते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे पट्ट्याविना बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे वाचले. त्यानंतर मागच्या सीटची चर्चा घरोघर झाली, मुलांची तेवढी झाली नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. तिच्यात दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बसवून गाडीला बालसुरक्षेचे वेगळे गुण देतात. नवी गाडी घेताना हे गुण जरूर पाहावेत.

आता प्रत्यक्ष काय करावे? सीट वयावरून नव्हे, तर मुलाच्या उंची-वजनावरून निवडावी, आणि ती आपल्याच गाडीत लावून पाहावी. युरोपात २०१३ पासून लागू असलेला नियम १२९ किमान पंधरा महिन्यांपर्यंत बाळाला पाठमोरेच बसवायला सांगतो. सीटच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही पाठमोरेच ठेवणे अधिक चांगले. जागा मागचीच. चालू एअरबॅगसमोर पाठमोरी सीट कधीही ठेवू नये. सीट बसवल्यावर, पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवून पाहावी. ती इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. तान्ह्या बाळासाठी ती पुरेशी कललेली असावी, नाहीतर डोके छातीवर पडून श्वास अडतो. खांद्याचे पट्टे पाठमोऱ्या बाळाला खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावेत, पुढे तोंड असलेल्या मुलाला खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर. पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे असे समजावे.

उत्तरेतील हिवाळ्यासाठी आणखी एक गोष्ट. जाड जाकिटावरून पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत जाकीट दबते आणि पट्टा सैल होतो. म्हणून जाकीट काढावे, पट्टा लावावा आणि वरून शाल पांघरावी. अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरू नये. जिचा पूर्वेतिहास माहीत नाही अशी जुनी सीटही घेऊ नये.

प्रशासनाने काय करावे, हाही प्रश्न आहेच. पल्स पोलिओच्या वेळी आपण दंड केला नव्हता. घरोघरी जाऊन आजीला पटवले होते, आणि २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तसेच इथे करता येईल. प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी जाताना लसीकरणाच्या कार्डाबरोबर कार सीटबद्दल दोन ओळी द्याव्यात. वाहन परवान्याच्या परीक्षेत एक प्रश्न ठेवावा. तान्ह्या बाळाची सीट वर्षभरच लागते आणि अनेकांना ती परवडत नाही, म्हणून जिल्हा रुग्णालयांनी ती तपासून उसनी देण्याची योजना करावी. आणि कलमातल्या त्या ‘किंवा’ला वयाची किंवा उंचीची पायरी जोडावी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. परदेशात तुम्ही मुलाला सीटवर बसवल्याशिवाय गाडी सुरू करीत नाही. सुट्टीत भारतात आलात की आमच्या भिडेखातर ही सवय सोडू नका. आजी-आजोबा चार दिवस रुसतील, रुसू द्या. पुढच्या खेपेला आमची नात आली तेव्हा मी आधीच सीट आणून गाडीत बसवली होती. पत्नी तिच्या शेजारी बसली आणि दिल्लीपासून चंदीगडपर्यंत तिला गोष्टी सांगत आली.